भिंतीवरचे निकल्सन : तीन छापील प्रती आणि एक परतावा

विल्यम निकल्सन या ब्रिटिश चित्रकारांच्या तीन चित्रांच्या छापील प्रती मी गेल्या हिवाळ्यात एका ऑनलाइन दुकानातून मागवल्या. त्यांतली एक उत्तम निघाली, दुसरी बरी निघाली आणि तिसरी नाकारावी लागली. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानापुरती नाही. निकल्सन १९४९ साली वारले, आणि ब्रिटनमध्ये चित्रकाराच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी त्याच्या चित्रांवरील स्वामित्वहक्क संपत असल्यामुळे १ जानेवारी २०२० पासून त्यांची चित्रे कोणालाही छापता येतात. परिणामी त्यांचे वाडगे, पाण्याचे जग आणि फुले आता चहाच्या मगापासून उशीच्या अभ्र्यापर्यंत सगळीकडे दिसू लागली आहेत. या गर्दीत पैसे कशावर घालावेत आणि कशावर घालू नयेत, हे ठरवायला माझ्या अनुभवाचा उपयोग व्हावा एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

मी मागवलेल्या प्रती अशा होत्या : १८९७ सालच्या लाकूडठशांच्या अक्षरमालेतील ‘ए’ हे अक्षर, जाड कॉटन कागदावर, १९२० सालचे मिस जीकल यांच्या बुटांचे चित्र, त्याच कागदावर पण माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि फ्रेमसह, आणि १९११ सालचे चंदेरी वाडगा व हिरव्या वाटाण्यांचे चित्र, लाकडी चौकटीवर ताणलेल्या कॅनव्हासवर. टपालखर्च धरून १३८ पौंड झाले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक रक्कम एकट्या कॅनव्हासची होती, आणि नाकारावी लागली ती हीच प्रत.

पहिल्या प्रतीबद्दल आधी सांगते, कारण तिच्यात खोट काढायला जागा नाही. ती इतकी चांगली का उतरली याचे उत्तर निकल्सन यांच्या तरुणपणात सापडते. न्यूअर्क-ऑन-ट्रेंट या गावी १८७२ साली त्यांचा जन्म झाला. वडील शेतीची यंत्रे बनवणाऱ्या कारखान्याचे मालक आणि काही काळ पार्लमेंटचे सदस्य होते. मुलाला बुशी येथील ह्यूबर्ट फॉन हर्कोमर यांच्या प्रसिद्ध चित्रशाळेत घातले, पण तिथे गुरूंचे आणि त्यांचे जमले नाही व त्यांना शाळा सोडावी लागली. मग पॅरिसच्या अकादमी ज्युलियानमध्ये थोडे दिवस काढून ते परतले. बुशीच्या शाळेने त्यांना चित्रकला किती दिली हे सांगणे कठीण आहे, पण पत्नी मात्र तिथेच मिळाली. सहाध्यायी मेबल प्राइड यांच्याशी त्यांनी १८९३ साली पळून जाऊन लग्न केले, आणि मेबल यांचे बंधू जेम्स प्राइड यांच्यासोबत पोस्टरचा धंदा मांडला. चाऱ्याच्या एका पोत्यावर दिसलेले ‘बेगरस्टाफ’ हे नाव दोघांनी उचलले.

मेव्हण्यांच्या या जोडीने कात्रीने कागद कापून, सपाट रंगांचे मोठे तुकडे एकमेकांशेजारी चिकटवून पोस्टरे केली. बाह्यरेषा त्यांनी अनेकदा काढलीच नाही. काळा कोट काळ्या पार्श्वभूमीत विरघळतो आणि उरलेले शरीर पाहणाऱ्याने आपल्या मनाने पुरे करायचे असते. आज जगभर अभ्यासली जाणारी ही पोस्टरे त्या काळी फारशी खपली नाहीत. नट हेन्री अर्व्हिंग यांच्या लायसियम थिएटरसाठी केलेले डॉन क्विझोटचे पोस्टर तर छापलेच गेले नाही. जाहिरातदारांना जे उमगले नाही ते प्रकाशक विल्यम हाइनेमान यांना उमगले. चित्रकार व्हिसलर यांच्या शिफारशीवरून त्यांनी निकल्सन यांना काम दिले, आणि १८९७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवी वर्षात, निकल्सन यांनी राणीचा लाकूडठसा कोरला. त्यात ना सिंहासन आहे, ना मुकुट. फिरायला निघालेली, घंटेसारख्या आकाराची, काळ्या वस्त्रांतली एक थोराड बाई आणि तिच्या पायाशी एक झिपरे कुत्रे, एवढेच. या एका ठशाने त्यांचे नाव घरोघरी पोचले.

अक्षरमाला त्याच सुमाराची आहे. तिची मोजकी महाग आवृत्ती मूळ ठशांवरून छापून हाताने रंगवली होती, आणि सर्वसामान्यांसाठी काढलेली स्वस्त आवृत्ती शिळाछापाची होती. म्हणजे त्या काळातल्या बहुतेक लोकांच्या हाती पडले तेही प्रतीची प्रतच होते, आणि चित्रकाराने ते डोळ्यांसमोर ठेवूनच काम केले होते. सव्वाशे वर्षांनी तेच चित्र कोणी संगणकाला जोडलेल्या यंत्रावर छापले, तर त्यात चित्रकारावर अन्याय होत नाही. ‘ए’ म्हणजे आर्टिस्ट, आणि त्या जागी निकल्सन यांनी स्वतःलाच बसवले आहे : फुटपाथवर आपली चित्रे मांडून चार पैशांची वाट पाहणारा चित्रकार. पुढच्या ‘बी’ या अक्षरात मेव्हण्याला भिकारी केले आहे. भागीदारीच्या धंद्याचा हिशेब याहून प्रामाणिकपणे कोणी मांडला असेल असे मला वाटत नाही.

दुकानाने पाठवलेल्या प्रतीत काळा रंग दाट आणि मखमली आहे. भिंग लावून पाहिले, तर लाकडावर हत्यार जिथे जरासे घसरले आहे ती खरखरीत कडही नीट उतरली आहे. मागचा मातकट तपकिरी रंग पिवळटपणाकडे झुकलेला नाही. कागदाचा पांढरा भाग जुन्या पुस्तकासारखा मुद्दाम पिवळा केलेला नाही, ही त्यांनी दाखवलेली सुबुद्धीच म्हणायची, कारण इतर दोन दुकानांच्या नमुन्यांत मला ते सोंग दिसले होते. किंमतही मागवलेल्या तीन प्रतींत सर्वांत कमी होती.

बुटांच्या चित्रामागची गोष्ट अशी. गर्ट्रूड जीकल या इंग्लंडच्या उद्यानरचनेतील मोठ्या बाई. त्यांचे स्नेही आणि सहकारी वास्तुविशारद एडविन ल्युटेन्स, ज्यांना आपण दिल्लीमुळे ओळखतो, यांच्या आग्रहाने त्यांचे व्यक्तिचित्र करण्यासाठी निकल्सन १९२० साली सरे परगण्यातील मन्स्टेड वुड या त्यांच्या घरी गेले. जीकलबाई तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे गेल्या होत्या, दृष्टी अधू झाली होती, आणि बागेतले काम सोडून दिवसाउजेडी खुर्चीत बसून राहणे त्यांना मान्य नव्हते. त्या संध्याकाळी दिव्याच्या उजेडात बसत. दिवसभर चित्रकार रिकामा. त्या रिकाम्या वेळात निकल्सन यांनी बाईंचे बागकामाचे जुने बूट समोर ठेवून रंगवले. व्यक्तिचित्र आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, बोटांची टोके एकमेकांना टेकवून विचारात बसलेल्या बाईंचे, आणि बूट टेट संग्रहात आहेत. दोन्हींपैकी खरे व्यक्तिचित्र कोणते, असा प्रश्न मला कोणी विचारला तर मी बुटांकडे बोट दाखवीन. पायाच्या आकाराने फुगलेले चामडे, वाकून वाकून पडलेल्या सुरकुत्या, मातीने आणि पाण्याने मेलेला रंग : कोणी किती वर्षे बागेत उभे राहिले, ते त्या बुटांवर लिहिलेले आहे.

ही प्रत बरी निघाली. मूळ चित्र लहान आहे, आणि प्रत जवळपास त्याच मापाची घेतल्यामुळे ब्रशाचे फटकारे ताणले किंवा फुगवले गेले नाहीत. चित्रही मुळात मंद रंगांचे, राखाडी आणि तपकिरीच्या चारपाच छटांत रंगवलेले आहे, त्यामुळे कागदाच्या मॅट पृष्ठभागावर ते शोभते. दोष दोन आढळले. बुटांच्या आत जिथे अंधार आहे तिथे मूळ चित्रात तपकिरी काळा आणि निळसर काळा असे दोन वेगळे अंधार आहेत. प्रतीत त्यांचा एकच काळा डाग झाला आहे. दुसरे म्हणजे फ्रेमची काच साधी होती, आणि संध्याकाळी दिवा लावला की बुटांऐवजी समोरचे पुस्तकांचे कपाट दिसे. शेवटी पदरचे २२ पौंड घालून गावातल्या फ्रेमवाल्याकडून चकाकी न येणारी काच बसवून घेतली. फ्रेम त्यांच्याकडून न घेता नुसती प्रत घेतली असती, तर हे पैसे वाचले असते.

हे चित्र मी बैठकीत लावले. व्हिडिओ कॉलवर ते पाहून सांगलीहून आई म्हणाली, “अगं, जोडे उंबऱ्याबाहेर काढायचे असतात, आणि तू ते भिंतीवर टांगलेस?” तिला जीकलबाईंची सगळी गोष्ट सांगितली. ती शांतपणे ऐकून घेऊन तिने विचारले, “मग त्या बाईंचाच फोटो का नाही लावलास?” निकल्सन यांच्या कलेवरचा याहून नेमका प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही.

तिसऱ्या प्रतीकडे वळण्याआधी तैलचित्रांबद्दल थोडे सांगणे भाग आहे. लाकूडठशांनी नाव झाल्यावर विसाव्या शतकाच्या आरंभी निकल्सन तैलरंगांकडे वळले. पोट व्यक्तिचित्रांवर भरत होते : लेखक मॅक्स बीअरबोम आणि जे. एम. बॅरी, पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्ससाठी रंगवलेले त्या संस्थेचे संस्थापक सिडनी व बिअ‍ॅट्रिस वेब. (डॉ. आंबेडकर ज्या संस्थेत शिकले तीच ही संस्था, पण हे चित्र त्यांच्या तिथल्या वास्तव्यानंतर काही वर्षांनी झाले.) १९१५ साली तर व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांचे व्यक्तिचित्र करण्यासाठी ते हिंदुस्थानात येऊन गेले, आणि इथेही त्यांची सवय सुटली नाही : मुख्य कामाच्या जोडीने त्यांनी व्हाइसरॉयच्या दारातल्या चपराशाचेही चित्र रंगवले. ज्याचे पैसे मिळायचे ते चित्र करता करता नजर बाजूच्या गोष्टीवर जायची, आणि ती बाजूची गोष्टच पुष्कळदा अधिक जिवंत उतरायची. स्थिरचित्रे ही अशा बाजूच्या गोष्टींची परिसीमा होय. कोणी मागवलेली नसत, त्यामुळे कोणाचे मन राखायचे नसे.

आपल्याकडे ज्यांनी शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्या असतील, त्यांना स्थिरचित्राचा पेपर आठवत असेल : स्टुलावर चुणीदार कापड, त्यावर ॲल्युमिनियमची किटली, शेजारी एखादे वांगे किंवा दोन कांदे. आमचे चित्रकलेचे सर बजावून सांगत, की किटलीवरची चकाकी रंगवायची नसते, तिथे कागद कोरा सोडायचा असतो. जलरंगात पांढरे म्हणजे कागद. तैलरंगात नेमके उलटे घडते. काळोखापासून सुरुवात करून वर चढत यायचे, आणि सर्वांत उजळ ठिपका सर्वांत शेवटी, जाड रंगाने, एका फटकाऱ्यात ठेवायचा. निकल्सन यांचे सगळे कसब त्या शेवटच्या फटकाऱ्यात आहे. वाटाण्याच्या चित्रातला वाडगा चांदीचा नाही; मातीच्या भांड्यावर प्लॅटिनमचा अत्यंत पातळ थर देऊन चांदीसारखी झळाळी आणलेल्या ‘लस्टर’ जातीचा तो आहे. म्हणजे चांदीचे सोंग घेतलेली माती, आणि ती रंगवायची तेलात कालवलेल्या रंगाने. एडिंबरोच्या स्कॉटिश नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातले हे मूळ चित्र मी पाहिलेले आहे. चित्रासमोर एक पाऊल डावीकडे सरकले की वाडग्यावरचा उजेडाचा ठिपका, रंगाचा तो उंचवटा, खोलीतला खरा उजेड पकडतो आणि क्षणभर खरोखर चमकतो. शेजारच्या वाटाण्याच्या शेंगांवर मात्र तो तसा चमकत नाही, कारण तिथे रंग पातळ आणि कोरडा आहे. भांडे चमकते आणि भाजी चमकत नाही, एवढाच या चित्राचा विषय आहे असे म्हटले तरी चालेल.

आता कॅनव्हासवरच्या प्रतीत काय होते ते पाहा. शाई फवारणारे यंत्र सहसा पांढरी शाई वापरत नाही. जिथे पांढरे हवे तिथे ते काहीच फवारत नाही. म्हणजे मूळ चित्रात जो ठिपका सर्वांत वर, सर्वांत जाड आहे, तोच प्रतीत सर्वांत खाली, उघड्या कापडाचा असतो. आमच्या सरांचा जलरंगाचा नियम नको तिथे येऊन बसतो. त्यावर कॅनव्हासची एकसारखी वीण सगळ्या चित्रातून डोकावते. ज्या गुळगुळीत वाडग्यात खोलीतला प्रकाश ओघळलेला दिसायला हवा, त्याच्यावर गोणपाटासारखी जाळी दिसते. आणि शेवटी, प्रत टिकाऊ व्हावी म्हणून दिलेले वार्निश भांडे, भाजी, कापड आणि अंधार या सर्वांना समान चकाकी देते. चित्राचा विषयच त्यामुळे पुसला जातो.

हे दोष कोणत्याही दुकानाच्या कॅनव्हासला कमीअधिक प्रमाणात लागू आहेत. माझ्या प्रतीत त्यांच्या भरीला दोन खास दोष होते. राखाडी रंगात निळ्याची झाक इतकी होती की वाडगा स्टेनलेस स्टीलचा वाटावा. दुसरे म्हणजे, कॅनव्हास चौकटीच्या कडांवरून मागे दुमडताना चित्राचा प्रत्येक बाजूचा जवळजवळ दीड इंच भाग कडेवर गेला होता. निकल्सन वस्तू मधोमध ठेवून सभोवती किती रिकामी जागा सोडायची याचा बारकाईने विचार करणारे चित्रकार होते. ती मोकळी जागाच कापली गेल्यामुळे वाडगा खिडकीतून डोके बाहेर काढल्यासारखा पुढे आलेला दिसत होता. मागवताना कडांसाठी वेगळा पर्याय विचारला गेला नव्हता, आणि पडद्यावरच्या नमुन्यात पूर्ण चित्र दाखवले होते.

ग्राहकसेवेबद्दल मात्र वाईट लिहिण्यासारखे काही नाही. छायाचित्रे जोडून तक्रार पाठवली, तिचे उत्तर दुसऱ्या दिवशी आले. पहिल्या उत्तरात “पडद्यागणिक रंग वेगळे दिसू शकतात” हे ठरावीक वाक्य होते. कडा कापल्या जाण्याचा पडद्याशी काय संबंध, असे विचारल्यावर दुसरे उत्तर एका समजूतदार माणसाकडून आले. त्याने चूक कबूल केली, पूर्ण रक्कम परत केली आणि तेच चित्र कॉटन कागदावर अर्ध्या किमतीत देऊ केले. मी ते घेतले. कागदावरचा वाडगा कॅनव्हासवरच्यापेक्षा पुष्कळ सुसह्य आहे, निदान तो आपण मूळ चित्र असल्याचा आव आणत नाही. तो आता स्वयंपाकघरात लावला आहे, आणि मटार सोलताना माझी नजर त्याच्याकडे जाते.

दुकानाच्या वेबसाइटवर चित्रकाराचा परिचय दिला आहे, तो मात्र निराशाजनक आहे. त्यात निकल्सन हे बेन निकल्सन यांचे वडील, एवढ्यावर निम्मा मजकूर संपतो. अमूर्त कलेतले मोठे नाव असलेल्या या मुलाने वडिलांच्या झोकदार जगाकडे पाठ फिरवली हे खरेच आहे. ठिपक्यांचे शर्ट, उंच कॉलर आणि चकचकीत बूट घालून स्टुडिओत काम करणाऱ्या वडिलांचा मुलगा पांढऱ्या फळीवर वर्तुळे कोरू लागला. पण स्थिरचित्राची ओढ आपल्याला वडिलांमुळेच, त्यांनी हौसेने जमवलेल्या पट्ट्यापट्ट्यांच्या नि ठिपक्यांच्या जग-मगांमुळे लागली, असे बेन यांनीच पुढे सांगितले. त्या परिचयात १९१८ या वर्षाचा उल्लेखही नाही. त्या वर्षी जुलैत मेबल फ्लूच्या साथीत गेल्या, आणि ऑक्टोबरमध्ये दुसरा मुलगा टोनी युद्धातल्या जखमांनी गेला. हे माहीत असले म्हणजे दोनच वर्षांनी रंगवलेल्या त्या रिकाम्या बुटांकडे पाहताना नजर जरा थबकते. पुढे १९३३ च्या सुमारास चर्चिल दांपत्याच्या घरी जाऊन त्यांचे नाश्त्याच्या टेबलावरचे चित्र करताना निकल्सन यांनी चर्चिल यांना रंगकामाचे धडे दिले, १९३६ साली त्यांना ‘सर’ ही पदवी मिळाली, १९४२ साली लंडनच्या नॅशनल गॅलरीत त्यांचे मोठे प्रदर्शन झाले. यातले काहीही लिहिले असते तरी ग्राहकाला आपण काय विकत घेतो आहोत ते कळले असते.

ज्यांना मागवायचे असेल त्यांनी लाकूडठसे आणि पोस्टरे बेधडक घ्यावीत. राणी व्हिक्टोरिया मी पुढच्या महिन्यात मागवणार आहे. तैलचित्रांपैकी मंद रंगांची आणि लहान मापाची चित्रे कागदावर, मूळ मापातच घ्यावीत. फ्रेम स्थानिक कारागिराकडून करून घ्यावी. लिव्हरपूलच्या वॉकर आर्ट गॅलरीतले १९१६ सालचे पाण्याच्या शंभर जगांचे चित्र त्यांच्या यादीत मोहक दिसते आणि मोठ्या कॅनव्हासवर तर फारच मोहक दिसते, पण शंभर भांड्यांच्या शंभर चकाक्या एकाच वार्निशाखाली गाडलेल्या पाहायच्या नसतील, तर त्या पैशांत लिव्हरपूलचे रेल्वेचे तिकीट काढावे.

नाकारलेला कॅनव्हास दुकानाने परत मागवला नाही. माझ्या मुलीने तो उलटा करून मागच्या चौकटीला कागद लावला आहे, आणि सध्या ती त्याचा चित्रफळा म्हणून वापर करते.